मुंबईतल्या रात्री: तुमचा बार, तुमची बैठक, तुमचे अनुभव

तुम्ही मुंबईत कुठे बसता, तिथं काय आवडतं आणि रात्री घरी कसे पोहोचता, ते सगळं लिहा. नुसते पत्ते नकोत, बसण्यातली मजा सांगा. सुरुवात मी करतो.

माझी जागा कुलाबा कॉजवेवरचं मोंडेगार. भिंतीभर मारिओ मिरांडांची चित्रं, एकीकडे ज्यूकबॉक्स, आणि टेबलं इतकी खेटून की शेजारच्यांनी लावलेलं गाणं दुसऱ्या कडव्याला आपणही गुणगुणतो. त्याच रस्त्यावर १८७१ पासूनचं लिओपोल्ड आहे. तेही छान, पण माझा जीव मोंडेगारमध्येच रमतो.

*

मला बुवा परमिट रूमच हवी. मंद दिवे, वर गरगरणारा पंखा आणि टेबलावर चकणा: उकडलेले चणे, त्यावर कांदा, लिंबू, तिखट-मीठ. मसाला शेंगदाणे आले की आधी ते संपवायचे, कारण टोमॅटोला पाणी सुटलं की शेंगदाणे मऊ पडतात. आमच्या बारमधल्या वेटरकाकांना कुणाला सोडा, कुणाला पाणी, बर्फाचे खडे किती, सगळं तोंडपाठ. ग्लास खाली होत आला की ते फक्त 'रिपीट?' म्हणतात. ऑफिसात आठ तास गप्प बसणारा आमचा मित्र तिथं दोन तास अखंड बोलतो, आणि ते ऐकायलाच आम्ही जातो.

नव्यांसाठी: १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. मी आजीवन काढलाय. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसाठी २५.

*

बाईनं एकटीनं जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. वांद्र्यात मी एकटी जाते आणि टेबलाऐवजी काउंटरच्या उंच स्टुलावर बसते. ड्रिंक डोळ्यांसमोर बनतं, बारटेंडरशी ओळख होते, आणि कुणी उगाच लगट करायला लागलं तर तोच मध्ये पडतो. निघताना टॅक्सीचा नंबर बहिणीला पाठवते, घरी पोहोचले की फोन करते. एवढं सांभाळलं की रात्र माझी! पुस्तक नाही, फोन नाही, एक जिन-टॉनिक आणि भोवतालच्या माणसांची लगबग. ज्या शहरात घरीही स्वतःची खोली मिळणं मुश्कील, तिथं हे दोन तास मला फार मोलाचे वाटतात.

*

ताई, छान लिहिलंत. मला ब्लू फ्रॉग या लाइव्ह संगीताच्या क्लबची आठवण झाली. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ ला सुरू झालं, २०१६ ला बंद पडलं. गोल खोलगट बैठका स्टेजकडे उतरत गेलेल्या, त्यामुळे मागच्यालाही ड्रमवाल्याचे हात दिसायचे. आपल्याकडे इतक्या मनापासून संगीत ऐकवणाऱ्या जागा कमीच. त्याची उणीव अजून जाणवते.

*

मी पीत नाही, पण मैफल सोडत नाही. माझा फ्रेश लाइम सोडा असतो, खारा. गाडी मीच चालवतो, त्यामुळे सगळ्यांच्या आया माझ्यावर खूश. दीडला बार बंद झाले की ताजच्या मागे बडेमियाँकडचे सीख कबाब, आणि मग मरीन ड्राइव्हचा कठडा. सायकलवरचा चहावाला येतो, बारमध्ये सुरू झालेला वाद तिथं शांतपणे मिटतो. मात्र पावसाळ्यात भरतीच्या वेळी कठड्याखालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कुणीही उतरू नये, कितीही शुद्धीत असलात तरी. आणि गाडीवाला मित्र नसेल तर दीडची वाट न बघता लवकर निघा आणि चर्चगेटहून एकच्या सुमाराची शेवटची लोकल गाठा. ती चुकली की थेट पहाटे चारनंतर.

*

ताजमधल्या हार्बर बारचं नाव कसं नाही आलं? १९३३ चा बार, शहरातला पहिला परवाना त्यांचाच. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना तिथं नेलं. आयुष्यभर गेटवेला पाहुण्यांना घेऊन आलेला माणूस पहिल्यांदाच आतून बाहेर बघत होता. एक पेग त्यांनी पुरवून पुरवून घेतला आणि पहिल्या नोकरीच्या दिवसांतलं जे कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. खर्च बराच होतो, पण आईवडिलांना एकदा न्याच. उजेड असतानाच पोहोचा, म्हणजे बोटी दिसतात.