घरात ऐकते, मैदानावर ऐकत नाही : आठ महिन्यांच्या कुत्रीला 'ये' कसे शिकवावे?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न :

नमस्कार. आमच्याकडे चिंगी नावाची आठ महिन्यांची देशी कुत्री आहे. घरात 'बस', 'थांब' आणि 'ये' या तिन्ही आज्ञा ती चटकन पाळते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तर न सांगताच बसून राहते. परंतु कॉलनीतल्या मोकळ्या मैदानावर पट्टा काढला, की आमच्या हाका तिच्या कानांपर्यंत पोहोचतच नाहीत. ती दोन हातांवर येते, आमच्याकडे पाहते आणि पुन्हा पळ काढते. एका प्रशिक्षकाने गळ्याभोवती आवळणारी साखळी वापरण्यास सुचवले आहे. ते मला पटत नाही, मात्र सासऱ्यांच्या मते थोडा धाक हवाच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मखमलाबादकर :

ताई, चिंगी हट्टी नाही. कुत्रा आज्ञा शिकतो ती जागेसकट शिकतो, त्यामुळे स्वयंपाकघरातले 'ये' आणि मैदानावरचे 'ये' या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातच आठवा महिना म्हणजे ऐन वयात येण्याचा काळ. या वयात वास आणि इतर कुत्री यांच्यापुढे मालकाचे मोल उतरतेच. म्हणून पायऱ्या पाडा : आधी अंगण, मग जिना, मग वर्दळ नसलेली गल्ली आणि सर्वांत शेवटी मैदान.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दोन हातांवरून पळण्याचा प्रकार. मैदानावर आपण तिला नेमके केव्हा बोलावता, हे आठवून पाहा. बहुधा घरी निघण्याच्या वेळीच बोलावले जाते, आणि ती जवळ आली की गळ्यात पट्टा अडकतो. म्हणजे 'ये' याचा अर्थ तिने 'खेळ संपला' असा लावला आहे, आणि तिच्या बाजूने तो अगदी रास्त आहे. यावर उपाय असा, की फिरताना अनेकदा विनाकारण बोलवावे, आली की गळपट्ट्याला हलकेच हात लावावा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा आणि लगेच पुन्हा खेळायला सोडावे. परतण्यासाठी बोलवाल ते अशा कैक वेळांपैकी एकदाच असावे. उशिरा आली तरी रागावू नये, कारण ती रागाचा संबंध उशिराशी नव्हे, तर येण्याशी जोडते.

हाक एकदाच मारावी. 'चिंगी ये, ये ना, अगं ये' असा जप लावला, तर पहिली हाक दुर्लक्षिण्यासाठीच असते हे ती शिकेल.

जुने सिडको :

सासऱ्यांची बाजू मी मांडतो. आमच्या लहानपणी घरी अल्सेशियन होता आणि वडिलांच्या एका दरडावणीत तो जागेवर बसत असे. पनीर वगैरे लाड कोणी केले नाहीत. हातात खाऊ नसेल त्या दिवशी ही कुत्री ऐकणार आहे का?

पंचवटीतील पशुवैद्यक :

खाऊचा प्रश्न रास्त आहे. शिकताना प्रत्येक वेळी खाऊ द्यावा आणि आज्ञा पक्की झाली की कधी द्यावा, कधी नुसते 'शाब्बास' म्हणावे. केव्हा मिळेल याचा नेम नसला की वागणूक उलट अधिक टिकते. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे आणि तेवढे जेवण कमी करावे. धाकाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. धाकाने गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही, आणि गुरगुरण्याची पूर्वसूचना न देता चावणारा कुत्रा सर्वांत धोकादायक असतो. आवळणाऱ्या साखळीने श्वासनलिकेला इजा होऊ शकते, हे वेगळेच.

खाऊ म्हणून मनुका किंवा बेदाणे कधीही देऊ नयेत. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ली तर चालतील, असे सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. हंगामात आपल्या नाशिकमध्ये हातगाड्यांखाली द्राक्षांचे मणी पडलेले असतात, तेव्हा इथल्या कुत्र्याला 'बस'पेक्षाही 'सोड' आधी यायला हवे, असे मी म्हणेन. मुठीत खाऊ धरून ती तिच्या नाकाशी न्यावी. ती हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडू नये. कंटाळून तिने नाक मागे घेतले की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्यावा. मुठीतला कधीच देऊ नये. हे जमू लागले की 'सोड' हा शब्द जोडावा, मग खाऊ जमिनीवर ठेवून सराव करावा. तरीही तिने द्राक्षे खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

गंगापूररोडकर :

सर्वांचे आभार. पट्टा अडकवण्याचे निरीक्षण तंतोतंत लागू पडते. या काळात तिला मैदानावर मोकळे सोडावे की नाही?

मखमलाबादकर :

तूर्त सोडू नये. छातीला बसणारा हार्नेस घालून त्याला आठ-दहा मीटरची सुती दोरी बांधावी आणि ती जमिनीवर सैल राहू द्यावी. दोरी ओढून आणण्यासाठी नाही, रस्त्यावर पळू नये एवढ्यासाठीच आहे. भटकी कुत्री दिसली तर तिचे लक्ष आपल्याकडे वळू शकेल इतके लांब उभे राहावे. ते अंतर रोज थोडे कमी करता येईल. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सराव सकाळी लवकर उरकावा, कारण तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. सासऱ्यांच्या हातीही खाऊची डबी द्यावी आणि शब्द घरात सर्वांनी तेच वापरावेत.