मदत हवी आहे: ‘रन’ हे क्रियापद मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. सध्या गाडी ‘रन’ या शब्दावर अडली आहे. मुलांना ‘धावणे’ एवढाच अर्थ पाठ, त्यामुळे ‘शी रन्स अ शॉप’चं भाषांतर वहीत ‘ती दुकान पळवते’ असं येतं! क्रिकेटमुळे ‘रन आउट’ सगळ्यांना माहीत, पण घरातली साखरही ‘रन आउट’ होते, म्हणजे संपते, म्हटल्यावर वर्ग गोंधळतो. नाक गळतं, कपड्याचा रंग जातो, निवडणुकीला उभं राहतात, तिथेही हाच शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत.

समानार्थी शब्द द्यावेत, तर दुकानाला ‘मॅनेज’, यंत्राला ‘ऑपरेट’, पाण्याला ‘फ्लो’. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मला वाटतं, ‘धावणे’ऐवजी ‘चालणे-चालवणे’पासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडेही यंत्र चालतं, दुकान चालवतात, नाटक वर्षभर चालतं. पण साखर आणि रंग यात बसत नाहीत, ते कसे समजवायचे?

कुणी हे वर्गात शिकवलंय का? नववीपर्यंत नेमके कोणते अर्थ पुरेत, आणि ‘रन इन्टू’ (अचानक भेटणे), ‘रन ओव्हर’ (गाडीखाली चिरडणे) यांसारखे जोडशब्द सोबतच घ्यावेत की नंतर? तुमच्या वर्गात चाललेली उदाहरणं नक्की सांगा.