नवीन वर्कस्टेशनसाठी कोणतं लिनक्स? तातडीने मदत हवी

खटपट्या
नवीन मशीन जोडलंय. विंडोज नको, ते ठरलंय, त्यावर चर्चा नको. डेबियन, उबुंटू की फेडोरा? एकदा टाकलं की चार वर्षं बघायला लागू नये. काल डेबियन १३ टाकलं, इन्स्टॉल सुरळीत झालं. रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन, कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतोय. सोमवारपासून काम आहे. लवकर सांगा.

जुनं_खोड
काम कसलं? ग्राफिक्स कार्ड कोणतं? 'दुखतंय, औषध द्या' असं झालं हे.

रोज_अपडेट
आर्च टाका. तीन वर्षं वापरतेय, एकदाच बूट व्हायचं बंद पडलं.

जुनं_खोड
एकदाच, म्हणजे डेडलाइनच्या आदल्या रात्री ना?

रोज_अपडेट
हो. पण अपडेटआधीची सूचना मीच वाचली नव्हती!

खटपट्या
ब्लेंडरमध्ये थ्रीडी, थोडं व्हिडिओ एडिटिंग. कार्ड एनव्हिडियाचं. त्याने काय फरक पडतो?

कर्नल_काका
त्यानेच तर पडतो. मॉडेल बोला.

खटपट्या
आरटीएक्स ५०७०.

कर्नल_काका
मग सापडलं. डेबियन १३ च्या रेपोतला (अधिकृत सॉफ्टवेअर-भांडारातला) एनव्हिडिया ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ५५० मालिकेतला आहे. तुमच्या कार्डाला ५७० किंवा पुढचा लागतो, तोही ओपन कर्नल मॉड्यूलवाला (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग खुल्या कोडचा असलेला). उबुंटू २४.०४ घ्या, अपडेट २०२९ पर्यंत. फेडोराची आवृत्ती साधारण १३ महिन्यांत संपते, म्हणजे तुमची चार वर्षं विसरा.

जुनं_खोड
डेबियनवरही चालेल की. एनव्हिडियाचा रेपो जोडायचा.

कर्नल_काका
स्थिर पाया हवा म्हणून डेबियन, आणि पहिल्याच दिवशी बाहेरचा रेपो? छान.

निवांत
सेंटओएस टाका, दहा वर्षं निश्चिंत.

रोज_अपडेट
निवांत, कुठे होतात? सेंटओएस ८ २०२१ अखेरीस बंद झालं, ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. आता त्याच्या जागी रॉकी नाहीतर अल्मा. आणि खटपट्या, एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हमध्ये असेल तर लक्षात ठेवा, लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ (कॅमेऱ्याच्या एमपी४ मध्ये सहसा असतो तो व्हिडिओ प्रकार) उघडत नाही.

बिट_बाइट
स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट ठेवा.

जुनं_खोड
विचारलं कोणी?

खटपट्या
उबुंटू टाकलं. एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हरची .रन इन्स्टॉलर फाइल चालवली, तर 'मॉड्यूल लोड झालं नाही' म्हणतंय. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे, ते सांगायचं राहिलं.

कर्नल_काका
अहो, .रन कशाला? काढा ती. 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, 'ओपन' लिहिलेला ५७० किंवा पुढचा निवडा. त्यातली तयार मॉड्यूल्स उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलच्या सहीची असतात, सिक्युअर बूट अडवत नाही. मग टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवून कार्डाचं नाव दिसतंय का बघा.

खटपट्या
दिसलं! ब्लेंडर सुसाट. रिझॉल्व्हही टाकलं, पण कॅमेऱ्यातल्या एमपी४ चं चित्र नाही, आवाजही नाही. कार्ड खराब?

रोज_अपडेट
वर काय लिहिलंय मी? एमपी४ मधल्या एएसी प्रकारच्या आवाजाचंही तेच. एफएफएमपेग या रूपांतराच्या टूलने चित्र डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचा व्हिडिओ प्रकार) मध्ये आणि आवाज पीसीएम (न दाबलेला आवाज) मध्ये करून घ्या. फाइल कितीतरी पट फुगेल. डिस्क केवढी आहे, तेही सांगितलं नसेलच.

खटपट्या
२५६ जीबी.