दुकान भिंतीपलीकडे, पण जायला दीड किलोमीटर

उंड्रीकर:
आमच्या गॅलरीतून पलीकडचं वाण्याचं दुकान दिसतं. सरळ गेलं तर दोन मिनिटं, पण मधे दोन सोसायट्यांच्या भिंती, म्हणून मुख्य रस्त्यावरून दीड किलोमीटरचा वळसा. भिंतीला एक भगदाड होतं, कामाच्या मावशी तिथून यायच्या. मागच्या महिन्यात तेही विटा लावून बुजवलं. आता अर्ध्या लिटर दुधालासुद्धा माणूस स्कूटर काढतो आणि सगळ्यांच्या स्कूटर त्या एकाच रस्त्यावर येतात. 2017 मध्ये उंड्रीसकट 11 गावं पुणे महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. हद्द वाढली, पण एक सोसायटी दुसरीला जोडणारा रस्ता कुठाय? माझं स्पष्ट मत आहे, भिंती उघडा.

तिसरा मजला:
अजिबात पटलं नाही. माझं बालपण सदाशिव पेठेत गेलं. तिथल्या गल्ल्या दोन्हीकडून उघड्याच आहेत, म्हणून कोंडी टळली का? दारातून दिवसभर दुचाक्या जायच्या. पोरं खाली निर्धास्त खेळावीत म्हणून तर कर्ज काढून इथे आलो.

बांधावरचा:
तुम्ही दोघं भिंतीवर भांडताय. विकास आराखड्यातला रस्ता आमच्या रानातून जातो. तुकडा पडतो, उरलेल्या तिरक्या पट्टीत ना पीक ना घर. बदल्यात टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे वापरायच्या किंवा विकायच्या बांधकाम-हक्काचा, कागद घ्या म्हणतात. रोख मोबदला हातात पडेपर्यंत मी मोजणीला उभा राहणार नाही.

उंड्रीकर:
दादा, तुमची अडचण खरी आहे. म्हणूनच मला टी.पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना हवी. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्त्यांचा वाटा सगळ्यांकडून काढायचा, उरलेले प्लॉट चौकोनी करून परत द्यायचे. एकट्याचंच रान जात नाही. 1915 च्या कायद्यापासून ही सोय आहे, भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची, आखणी अशीच झाली.
आणि तिसरा मजला, मी गाड्यांसाठी मागतच नाहीये. चार फुटांचं फाटक, मधे लोखंडी खांब, फक्त चालणाऱ्यांना वाट.

बांधावरचा:
स्कीम कागदावर चांगलीच असते. प्लॉट परत मिळेपर्यंत वर्षं जातात, तोवर परवानगीशिवाय बांधता येत नाही. मुदत लिहून द्या, मग बोलू.

तिसरा मजला:
नुसत्या पायवाटेला माझा विरोध नाही. पण रात्री दहाला कुलूप पाहिजे. तिथल्या वॉचमनचा पगार कोण देणार?

उंड्रीकर:
दोन्ही सोसायट्या निम्मा-निम्मा. रविवारच्या मीटिंगला विषय घेतोय, तुम्ही या.

तिसरा मजला:
येतो. गाड्यांचा विषय निघाला तर मात्र विरोधात हात वर करणार.