गावच्या फायनलला मोबाईलवरचा रिप्ले चालवायचा का?

वणी_नाका

तालुक्याच्या फुटबॉल टुर्नामेंटची मीटिंग झाली. मागच्या फायनलला बॉल गोललाइनच्या आत गेला की नाही यावरून जो राडा झाला तो इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला आहे. माणसं मैदानात घुसली, कप मंडपातच राहिला. आता कमिटीतले दोघं-तिघं म्हणतात, यंदा दोन्ही गोलांमागे एकेक मोबाईल लावू आणि वाद झाला की रेफरीने पाहून ठरवावं. माझा साफ विरोध आहे.

2018 च्या वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करायची पद्धत, आलं, पुढच्या वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये. भांडणं मिटली का? 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने चोख गोल मारला, पण लाइनमनने ऑफसाइडचा (पास सुटताना गडी समोरच्या बचावाच्या पुढे असल्याचा) झेंडा वर केला. व्हिडिओ पाहणाऱ्याचा समज असा की मैदानावर गोल दिलाय, म्हणून 'तपासणी पूर्ण' म्हणून तो मोकळा झाला. घोळ कळेपर्यंत फ्री किक घेऊन झाली होती, आणि खेळ सुरू झाल्यावर असा निर्णय फिरवता येत नाही. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. एवढे कॅमेरे, एवढा पैसा, आणि गोंधळ झाला तो दोन माणसांच्या बोलण्यात. आपल्याकडे तर डीजेच्या आवाजात शिट्टीही ऐकू येत नाही.

शिवाय टीव्हीवर गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं हेच कळेनासं झालंय. रात्री साडेबाराला आपण ओरडून घर उठवायचं, दोन मिनिटांनी गोल रद्द, आणि आईची बोलणी फुकटची.

पांढरकवडा_पोट्टा

भाऊ, तुमाले लिव्हरपूलचं दुखते, मले आपल्या इंडियाचं दुखते. 11 जून 2024, दोहा. आपल्या छांगतेच्या गोलनं कतारच्या पुढं होतो. 73 व्या मिनिटाले बॉल लाइनच्या बाहेर गेला, आपले पोट्टे थांबले, अन् कतारच्या गड्यानं तोच बॉल मांगं ओढून त्यायच्याच अयमेनले देल्ला. गोल! घरी बसलेल्या माणसाले दिसलं, रेफरीले अन् त्याच्या लाइनमनले नाही दिसलं. त्या राउंडले व्हीएआरच नोतं. 2-1 नं हरलो अन् तिसरा राउंड हातचा गेला. एक कॅमेरा पाह्यला असता तं कोनाचं काय बिघडलं असतं?

वणी_नाका

तिथे हवंच होतं, कोण नाही म्हणतं? तो वर्ल्ड कपचा क्वालिफायर होता. आपल्याकडे बोकडाच्या बक्षिसासाठी खेळतात.

पांढरकवडा_पोट्टा

बोकड काय कमी हाय का बे? त्याच्यापायीच तं मांगच्या वर्षी डोकं फुटलं.

शिट्टीवाला

मी शाळेत पीटी घेतो आणि थंडीत तालुक्याच्या मॅचला शिट्टी वाजवतो. तुम्हा दोघांनाही विचारतो, मोबाईल धरणार कोण? एका मॅचला एक जण पेनल्टीचा व्हिडिओ घेऊन माझ्याकडे धावत आला. काचेला तडा, ऊन डोक्यावर, मी हाताचा आडोसा करून पाहतोय तर स्क्रीनवर माझंच तोंड दिसतंय. तेवढ्यात दुसऱ्या टीमचाही एक जण आपला व्हिडिओ घेऊन हजर. दोघांच्या व्हिडिओत दोन वेगळे निकाल! कारण प्रत्येकाने आपल्या बाजूच्या कोपऱ्यातून काढलेला.

गोलमागून काढलेल्या व्हिडिओत बॉल पूर्ण लाइन ओलांडून गेला की नाही हे सांगताच येत नाही. कॅमेरा लाइनच्या अगदी सरळ रेषेत लागतो. आणि आपली लाइन म्हणजे काय, तर सकाळी मारलेली फक्की. सेकंड हाफपर्यंत गोलसमोरची फक्की बुटांनी पार पुसून जाते. व्हिडिओत लाइनच नसेल तर मी बॉल कशाच्या आत गेला म्हणून ठरवू?

कापूसकोंड्या

सर बरोबर बोलले. ऑफसाइडचा तर विषयच काढू नका. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला साधारण 50 चित्रं घेतो. जोरात पळणारा गडी सेकंदाला 8 मीटर जातो, म्हणजे दोन चित्रांमध्ये तो 16 सेंमी सरकलेला असतो. पास नेमका कधी सुटला हे त्या फटीत हरवतं, आणि हे लोक बोटभर अंतरावरून गोल रद्द करायचे! म्हणून तर 2022 च्या वर्ल्ड कपला बॉलमध्ये सेकंदाला 500 वेळा नोंद घेणारा सेन्सर टाकला आणि छताखाली 12 कॅमेरे लावले. आपल्या मोबाईलवर सेकंदाला 30 चित्रं धरली तर फरक 26 सेंमीच्या वर जातो. वीतभरापेक्षा जास्त!

गोलकी_ताई_वरोरा

ऑफसाइड मागितलाय कोणी? मुद्दा गोललाइनचा आहे. मी पोरींची टीम घेऊन फिरते. आमच्या मॅचला लाइनमन म्हणून यजमान गावचाच कोणीतरी उभा करतात, कधी तर त्याच टीमचा बदली खेळाडू. तो झेंडा कोणाच्या बाजूने वर करेल हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही म्हणता माणसावर विश्वास ठेवा. कोणत्या माणसावर?

आणि महागडं व्हीएआर हा एकच रस्ता नाही. 2024 मध्ये फिफाने कोलंबियातल्या मुलींच्या अंडर-20 वर्ल्ड कपला साधी पद्धत वापरून पाहिली. वेगळी व्हिडिओ खोली नाही. कोचला दोन अपील, निर्णय बदलला तर अपील शाबूत. रेफरी स्वतः बाजूच्या स्क्रीनवर पाहतो. आपणही टीमला एकच अपील देऊ, तेही फक्त गोललाइनसाठी. कमिटीचे दोन मोबाईल स्टँडवर, लाइनच्या रेषेत. प्रेक्षकांचा व्हिडिओ बाद.

वणी_नाका

ताई, ते अपील शेवटच्या दोन मिनिटांत दम खायला वापरतील. क्रिकेटमध्ये पाहतोच आपण, अंपायर्स कॉल आला की पुन्हा भांडण आहेच.

गोलकी_ताई_वरोरा

वापरू दे की दम खायला. मैदानात लाठ्या घेऊन घुसण्यापेक्षा बरं. आणि व्हीएआरला शिव्या घालणाऱ्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2024 मध्ये काय केलं? वुल्व्ह्स क्लबने ते बंद करायचा ठराव आणला, तो 19 विरुद्ध 1 ने पडला. रोज ज्यांचे गोल रद्द होतात त्यांनीच ठेवा म्हणून मत दिलं.

कापूसकोंड्या

क्लबांना विचारलं, स्टेडियममध्ये पैसे देऊन बसणाऱ्याला कोणी विचारलं? चार मिनिटं तो नुसता स्क्रीनकडे बघत बसतो, काय तपासतायत तेही माहीत नाही.

शिट्टीवाला

ताईंच्या पद्धतीला माझी ना नाही, पण क्रम उलटा आहे. आधी हाफटाइमला फक्की पुन्हा मारा. गोलला जाळी लावा. निम्मं भांडण बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर होतं, आणि जाळी असली तर ते दिसतंच. दोन लाइनमन बाहेरच्या तालुक्यातून बोलवा आणि त्यांना मानधन द्या. एवढं केल्यावर मोबाईल लावा, मी पाहीन.

पांढरकवडा_पोट्टा

सर, मानधनाले पैसे नाही म्हनते ना कमिटी! डीजेले हायेत, पाहुन्याच्या शालीले हायेत, फ्लेक्सवरच्या फोटोले हायेत.

वणी_नाका

डीजे बंद करायचं मीटिंगमध्ये तूच बोल. मी पाठिंबा देतो, पण मागच्या रांगेतून.