संत्र्याच्या पेट्या: 1.96 की 2.306?

प्रश्न: नागपूरच्या कळमना मार्केटातल्या 9 पेट्या, सरासरी 19.4 किलो, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत ते) 0.9, दावा 20 किलोचा. माझं उत्तर −2 आलं, 5 टक्क्यांच्या 1.96 या मर्यादेच्या पलीकडे, म्हणून दावा फेटाळला. पुस्तकात मात्र फेटाळलेला नाही. कुठं चुकतंय?

– भाऊ, 1.96 इथं चालतच नाही. डेव्हिएशन सॅम्पलमधूनच काढलंय अन् पेट्या फक्त 9, म्हणून टी-टेस्ट (लहान सॅम्पलसाठीची चाचणी). 0.9 भागिले √9 म्हणजे 0.3, −0.6 भागिले 0.3, −2 बरोबरच आहे. पण डिग्री ऑफ फ्रीडम (पेट्यांच्या संख्येपेक्षा एक कमी) 8, तक्त्यात 5 टक्क्यांना 2.306. −2 त्याच्या आतच, म्हणून दावा फेटाळता येत नाही.

– प्रश्नाची भाषा पाहा आधी. ‘वजन कमी भरतं का?’ असं असेल तर वन-टेल्ड (एकाच बाजूची चाचणी), मर्यादा 1.860. मग दावा गेलाच!

– 0.9 काढताना 9 नं भागलं की 8 नं? 9 नं असेल तर √9 ऐवजी √8 घ्या, −1.89 येतं. कॅल्क्युलेटरची दोन बटणं (एक n नं भागणारं, एक n−1 नं) इथंच घोळ घालतात.