वाढीच्या डुकरांना आंबवलेलं धान्य कसं द्यायचं? अनुभवी लोकांनी सल्ला द्या

कुडाळचा शेतकरी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे यॉर्कशायर क्रॉसची १२ पिल्लं आहेत, आता २५-३० किलोच्या आसपास, सगळ्यांना जंताचं औषध आणि स्वाइन फिव्हरची लस झालेली. खाद्याचा खर्च परवडेना झालाय, खर्चातला ६०-७० टक्के भाग खाद्यावरच जातो हे ऐकून होतो पण वही लिहायला लागल्यावर खरं कळलं. इकडे भाताच्या गिरणीतून कणी बऱ्या भावात मिळते, मका घाटावरून येतो. एका ओळखीच्यांनी सांगितलं की धान्य आंबवून दे, पचतं चांगलं, हगवण कमी होते. मला विचारायचंय की तयार ग्रोअर फीडच (वाढीच्या डुकरांचं बाजारी खाद्य) भिजवून आंबवायचं की नुसतं धान्य? पाणी किती, किती दिवस, आणि पावसाळ्यात हे जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

फोंडा गोवा
दादा, आम्ही करतो, आणि पहिली गोष्ट म्हणजे फक्त धान्य आंबवा, पूर्ण फीड नको. ड्रम प्लास्टिकचाच घ्या, निळा मिळतो तो, पत्र्याचा नको कारण आंबट पाणी पत्रा खातं. मका आधी भरडून घ्यायचा, अख्खा घातला तर आंबूनही अर्धा शेणातून तसाच बाहेर पडतो. धान्याच्या दुप्पट ते अडीचपट पाणी, वजनाने. सुरुवातीला त्यात घरचं आंबट ताक घाला एक-दोन लिटर, काठीने ढवळा, झाकण नुसतं ठेवा, घट्ट लावू नका, गॅस सुटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वर फेस येतो आणि ताकासारखा वास सुटतो. कणी बोटात धरून दाबली की चटकन पीठ होतं, तेव्हा समजायचं तयार. पुढच्या वेळेला ड्रम पूर्ण रिकामा करायचा नाही, पाव-एक भाग तळाला ठेवायचा आणि त्यावरच नवीन धान्य-पाणी, मग एका दिवसात आंबतं, ताक परत लागत नाही.

मिरज ८८
फोंडावाल्या भाऊंशी सहमत. दोन ड्रम ठेवा म्हणजे एक देताना दुसरा आंबतोय असं चालतं. तुमच्या १२ पिल्लांना दिवसाला कोरडं धरून १६-१८ किलो खाद्य लागेल, त्यातलं धान्य ११-१२ किलो, म्हणजे पाणी २५-३० लिटर. १०० लिटरचा ड्रम भरपूर झाला.

आणि एक गोष्ट खूप जण विसरतात म्हणून मुद्दाम लिहितो. ओल्या मालाचं वजन बघून फसू नका. बादलीत १० किलो आंबवलेलं दिसतं पण त्यात कोरडं धान्य जेमतेम ३ किलो असतं, बाकी पाणी. आमच्या भागात एकाने बादल्या मोजून खायला घातलं, पोटं फुगलेली दिसायची म्हणून तो खूश, आणि महिनाअखेर काट्यावर घातली तर वाढ काहीच नाही. कोरडं वजन आधी करून मगच भिजत घाला आणि तोच आकडा वहीत लिहा.

पशुवैद्यक
वरचे दोन्ही सल्ले चांगले आहेत. फक्त धान्यच का आंबवायचं ते सांगतो. तयार ग्रोअर फीडमध्ये लायसिन (प्रोटीनचा एक घटक) वेगळं मिसळलेलं असतं, तेच डुकराच्या मांसवाढीला सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण फीड आंबवलं की त्यातले जंतू हे सुटं लायसिन खाऊन टाकतात. पैसे लायसिनचे गेले आणि डुकराला मिळालं नाही. म्हणून धान्य आंबवा, आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड), मिनरल मिक्श्चर, मीठ, लायसिन हे सगळं खायला घालायच्या वेळी वरून मिसळा.

फायदा नक्की कुठून येतो ते पण समजून घ्या. धान्यात फॉस्फरस भरपूर असतो पण तो फायटेटमध्ये अडकलेला, डुकराला फोडता येत नाही. भिजवून आंबवलं की धान्यातलाच फायटेज नावाचा एन्झाइम कामाला लागतो आणि फॉस्फरस मोकळा होतो. गव्हात तो चांगला असतो, मक्यात फारच कमी. तुमच्याकडे कणी आणि मका आहे, म्हणून ड्रममध्ये गव्हाचा भुसाही (म्हणजे कोंडा, काड नव्हे) घाला, फरक पडेल. दुसरं म्हणजे लॅक्टिक आम्ल. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली आला की ई-कोलाय आणि साल्मोनेला हे हगवणीचे जंतू त्यात तग धरत नाहीत. हगवण कमी होते ती त्यामुळे. केमिकलच्या दुकानात पीएच पट्ट्या मिळतात, स्वस्त आहेत, आणून ठेवा, ४ च्या आसपास दिसला की बिनधास्त द्या.

पण अपेक्षा बेताची ठेवा. सगळ्यात मोठा फायदा दूध तुटल्यानंतरच्या पिल्लांना दिसतो. २५-३० किलोच्या पुढे वजनात खूप मोठा फरक दिसेलच असं नाही, कोणाला दिसतो कोणाला नाही. पचन, पोट आणि धूळ कमी होणं हे मात्र मिळतं.

शुभांगी_आजरा
डॉक्टर, रेशन कसं बसवायचं ते पण लिहा ना. आमच्याकडे बरेच जण नुसती आंबवलेली कणी घालतात आणि डुकरं चरबीने गोल होतात, मांस भरत नाही. गिऱ्हाईक चरबी बघून भाव पाडतं.

पशुवैद्यक
ताई, अगदी बरोबर बोललात, हीच खरी अडचण आहे. आंबवल्याने प्रोटीन वाढत नाही. कणी-मक्यात प्रोटीन ८-९ टक्केच, आंबवा नाहीतर शिजवा. वाढीच्या डुकराला १६-१८ टक्के हवं, ५० किलोच्या पुढे १४ चाललं. साधा हिशोब, १०० किलो कोरड्या खाद्यात धान्य ६५, सोया डीओसी २०, गव्हाचा भुसा साडेबारा, मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ अर्धा किलो. साधारण १६ टक्क्यांच्या वर बसतं. शेंगदाणा पेंड स्वस्त पडते म्हणून सोया पूर्ण काढू नका, पेंडीत लायसिन कमी असतं आणि जुन्या पेंडीला बुरशीची भीती.

बुरशीवरून अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. काळा पडलेला, कुबट वासाचा मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. आंबवल्याने अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जातं असा समज आहे, तसं होत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका. डुकराचं लिव्हर त्याने खराब होतं, लहान पिल्लं आधी बसतात. मका १४ टक्के ओलाव्याच्या खाली सुकवलेलाच साठवा, पोती जमिनीवर नको, फळीवर.

जोरहाट रिटर्न
मी काही वर्षं आसामात नोकरीला होतो म्हणून लिहितो. तिकडे मिसिंग जमातीचे लोक घरोघरी तांदळाची बिअर करतात, आपोंग म्हणतात, आणि गाळून उरलेला चोथा डुकरांना जातो. डुकरं अक्षरशः वाट बघत असतात. पण तो चोथा ते कोंडा, कचूची (अळूची) पानं-कंद शिजवून त्यात मिसळून देतात, एकटा देत नाहीत. आपल्याकडे बिअर कारखान्याचा बार्लीचा चोथा मिळतो, तो चालेल का हे डॉक्टरांनी सांगावं.

पशुवैद्यक
चालतो, पण थोडा. त्यात प्रोटीन कोरड्यावर २० टक्क्यांच्या वर असतं, पण फायबर खूप आणि तीन-चतुर्थांशच्या वर पाणी. गाईला उत्तम, वाढीच्या डुकराला पोट भरतं पण ऊर्जा कमी पडते. मोठ्या डुकरांना आणि गाभण माद्यांना जास्त चालेल. उन्हाळ्यात दोन दिवसांत नासतो, ताजा असेल तरच घ्या.

आणि घरगुती बिअरसारखा दारूचा वास तुमच्या ड्रमला यायला लागला तर ते आपल्याला नकोय. यीस्ट वाढलं की धान्यातली साखर दारू आणि गॅसमध्ये उडून जाते, तेवढं खाद्य वाया. थंडीत, २० डिग्रीच्या खाली हे जास्त होतं. ड्रम उबेला ठेवा आणि तळाचं जुनं आंबण भरपूर ठेवा.

कुडाळचा शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी समोर बसूनही सांगत नाही. अजून दोन शंका. हॉटेलचं उरलेलं अन्न मला एक जण रोज द्यायला तयार आहे, ते याच ड्रममध्ये घालून आंबवलं तर? आणि पावसाळ्याचं राहिलंच.

पशुवैद्यक
हॉटेलचं अन्न त्या ड्रममध्ये अजिबात नको. त्यात डुकराचं मांस असू शकतं आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर असाच पसरतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला तेव्हा हजारो डुकरं गेली, आपल्याकडे त्यावर लस नाही, तुमच्या पिल्लांना झालेली लस वेगळ्या स्वाइन फिव्हरची. आंबट झालं म्हणजे व्हायरस मेला असं धरून चालू नका. घ्यायचंच असेल तर किमान अर्धा तास उकळी फुटून शिजवायचं, कच्च्या मालाची बादली आणि शिजलेल्याची बादली वेगळी. खरं सांगायचं तर १२ पिल्लांसाठी हा धोका घेऊच नका.

फोंडा गोवा
पावसाळ्याचं मी सांगतो, आमचा पाऊस तुमच्यासारखाच. आंबायला काही अडचण येत नाही, अडचण धान्य सुकं ठेवायची आणि माश्यांची. ड्रमच्या तोंडाला जुनं सुती कापड बांधा, वर झाकण. शेडच्या पागोळ्या ड्रममध्ये पडत नाहीत ना ते बघा. कुंडीत घातलेलं अर्ध्या तासात संपेल एवढंच घाला, उरलेलं काढून टाका आणि कुंडी रोज घासा. कोपऱ्यात चिकटलेल्या पिठाला गुलाबी-काळी बुरशी धरते, नेमकं तेच पिल्लू चाटतं. ड्रममध्ये हिरवं-काळं दिसलं किंवा सडका वास आला तर वरचं काढून खालचं देऊ नका, सगळं ओता, ड्रम धुऊन उन्हात ठेवा, नव्याने ताकापासून सुरू करा.

आणि एकदम बदलू नका. आठवडाभर थोडं थोडं वाढवत न्या. पिण्याचं पाणी वेगळं चालूच ठेवा, ओलं खातात म्हणून पाण्याचं निपल बंद करतात काही जण, तसं करू नका, मिठाचा त्रास होतो.

मिरज ८८
कुडाळकर, सुरुवातीला सहा पिल्लांना आंबवलेलं आणि सहांना तेच रेशन कोरडं असं करून बघा, दोन्हीकडची पिल्लं दर पंधरा दिवसांनी काट्यावर. आकडे इथेच टाका, आम्हालाही बघायचेत.

कुडाळचा शेतकरी
हे पटलं. उद्याच ड्रम आणतो, शेड मध्ये पार्टिशन आहेच. गव्हाचा भुसा कणीबरोबर ड्रममध्ये आणि सोया, मिनरल वरून, असं ठरलं. आकडे टाकतो.